मुलांच्या यादीतलं माझं नाव

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा खोका उघडायचं काम मुलांचं आणि त्याचं चित्र काढायचं काम मुलींचं, असा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. तरी तो पाळला जायचा. पहिल्या वर्षी हार्डवेअरचं पहिलं प्रॅक्टिकल लागलं, तेव्हा सरांनी एकेका मशीनभोवती पाच-पाच जण उभे केले. प्रत्येक गटात स्क्रू-ड्रायव्हर आपोआप एखाद्या मुलाच्या हातात गेला. सर आम्हा मुलींकडं बघून म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं असतं. तुम्ही जर्नल नीट पूर्ण करा, सगळ्यांना उपयोगी पडेल." मी मदरबोर्डचं चित्र काढलं, पट्टीनं रेघा मारून एकेका भागाचं नाव लिहिलं. सरांनी त्याखाली 'सुंदर' असा शेरा दिला. तो शेरा वाचून माझं डोकं असं तापलं की डबा तसाच परत नेला.

मी सिल्लोडच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या गावातली. घरी मका आणि कापूस. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. बारावीनंतर संभाजीनगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर-आयटीच्या तीन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म भरला, तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, "हे शिकून पहिली नौकरी कशाची लागती?"

मी म्हणाले, "ऑफिसातले कॉम्प्युटर, नेट, प्रिंटर बंद पडले की चालू करणारी माणसं लागतात. सुरुवात तिथून होती. पुढं मोठी कामं."

दादांनी मान हलवली. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर बिघडला की तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत पिकाकडं बघत बसावं लागतं, हे त्यांनी आयुष्यभर भोगलं होतं. दुरुस्त करणारा माणूस काय चीज असते ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मामा मात्र म्हणाला होता की पोरीनं डी.एड. करावं. मी तोवर कॉलेजात फॉर्म देऊन आले होते.

राहायला गारखेड्यात मावशीकडं. तिथून कॉलेजला जायला मी कधी बस, कधी शेअर रिक्षा धरायची.

दुसऱ्या प्रॅक्टिकलला मी गटातल्या मुलाच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. तो म्हणाला, "तुला येतं का?" मी म्हणाले, "तुला तरी कुठं येतं? कालच आलास ना माझ्याबरोबर." सर आले. "काही जळालं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या हातून जळालं तर काय करणार होता, सर?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "जागेवर बस." मी बसले नाही. तासभर भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी परत सांगितलं नाही आणि मीही हलले नाही. गावाकडच्या शाळेत मी कधी शिक्षकांना उलटं बोलले नव्हते.

लॅब सांभाळायला एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मशीन चालू करणं, बंद करणं, चाव्या ठेवणं, पंखे पुसणं ही त्यांची कामं. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "कहाँ की है तू?" मी सिल्लोडचं नाव घेतलं. "हौ? मैं बी उधरिच का," म्हणाले आणि लॅबच्या मागची खोली उघडली. आत जुन्या, बाद झालेल्या मशीनची रास होती. "ये मर चुकी मशीनाँ हैं. कित्ता बी खोल, कोई कुछ नै बोलता. बस स्क्रू गुमाना नै."

पुढचे दोन महिने माझी जेवणाची सुट्टी त्या खोलीत गेली. पॉवर सप्लाय काढायचा, परत बसवायचा. रॅम काढायची, बसवायची. एकदा पत्र्याची धार लागून बोट चांगलंच कापलं. चाचांनी हळद आणली नाही की घाबरलेही नाहीत, पट्टी दिली आणि म्हणाले, "अब आएगा तेरेको." जालन्याची एक मैत्रीण होती वर्गात, तीही येऊ लागली. आम्ही दोघींनी तीन मेलेल्या मशीनचे भाग जोडून एक जिवंत केली. स्क्रीनवर अक्षरं आली तेव्हा चाचांनी खोलीचं दार लावून घेतलं, कुणी बघितलं तर मशीन ऑफिसात उचलून नेतील म्हणून.

दुसऱ्या वर्षी नेटवर्किंग आलं. केबलच्या टोकाला प्लग बसवणं, त्याला क्रिंपिंग म्हणतात. केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या ठरलेल्या क्रमानं लावाव्या लागतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी हे इतकं घोकलं की मावशी भाकरी थापताना तेच म्हणायला लागली. पण क्रिंपिंगचं टूल पूर्ण बॅचला एकच होतं आणि ते परत मुलांच्या टेबलावर. आम्हाला सरांनी रंगांचा तक्ता काढायला सांगितला.

मी प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला. प्रॅक्टिकलमध्ये टूल हजेरीच्या क्रमानं प्रत्येकाच्या हातात द्यावं, एवढीच मागणी. वर्गातल्या मुलींकडं सह्या मागितल्या. बहुतेकींनी अर्ज वाचला, परत दिला. "इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात आहेत," एक जण म्हणाली. तिच्या घरी मार्कांवरून काय चालायचं ते मला माहीत होतं, त्यामुळं तिला दोष देत नाही. अर्जाखाली शेवटी दोनच सह्या राहिल्या, माझी आणि जालनावालीची.

प्राचार्यांनी बोलावलं. सरही तिथंच बसले होते.

"सरांविरुद्ध तक्रार आहे का?" प्राचार्यांनी विचारलं.

"तक्रार नाही सर, मागणी आहे."

सर म्हणाले, "टूल कुणी अडवलंय? मुलीच पुढं येत नाहीत."

"मग उद्या पहिलं मला द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी पूर्ण बॅचसमोर टूल माझ्या हातात ठेवलं. "कर." सगळे गोल करून उभे राहिले. चाचाही दारात. मी केबल सोलली, तारा सरळ केल्या, प्लग बसवून टूल दाबलं आणि टेस्टरला लावली. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागायला हवेत. माझे तिसरा आणि सहावा उलटे लागले. कुणीतरी फिसकन हसलं. सर म्हणाले, "बघितलं?"

मी टोक कापलं आणि परत केलं. दुसऱ्यांदा आठवा दिवा लागलाच नाही. परत कापलं. आता हसायचं थांबलं होतं, कारण सगळ्यांना कंटाळा आला होता. तिसऱ्यांदा आठही दिवे ओळीनं लागले. मी केबल सरांच्या टेबलावर ठेवली आणि टूल शेजारच्या मुलीच्या हातात दिलं. तिनं अर्जावर सही केली नव्हती. तिनं टूल घेतलं मात्र घट्ट धरून.

त्या दिवसापासून हजेरीच्या क्रमानं टूल फिरू लागलं. मला इंटर्नलला अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले, का ते मी विचारायला गेले नाही. सर वाईट होते असं मी म्हणणार नाही. नेटवर्कचे हिशेब फळ्यावर ते असे शिकवायचे की आजही कामावर मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. म्हणूनच जास्त राग यायचा. ज्या माणसाला एवढं येत होतं, त्याला समोरची मुलगी दिसत कशी नव्हती?

शेवटच्या वर्षी कॅम्पस लागलं. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना कॉम्प्युटरची देखभाल करणारी माणसं पुरवणारी एक कंपनी येणार होती. नोटीस बोर्डावर दोन कागद लागले. एकावर 'डेस्कटॉप सपोर्ट – मुले', दुसऱ्यावर 'फ्रंट ऑफिस, डेटा एंट्री – मुली'. खाली नावं लिहायला रेघा आखलेल्या. मी पहिल्या कागदावर नाव लिहिलं. दुपारी बघते तर त्यावर लाल रेघ आणि माझं नाव दुसऱ्या कागदावर, कुणाच्या तरी नीटनेटक्या अक्षरात. मी परत पहिल्यावर लिहिलं, या वेळी जरा मोठं.

प्लेसमेंट बघणाऱ्या मॅडमनी बोलावून घेतलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. "हे बघ, कंपनीनं सांगितलंय तसं मी लिहिलंय. तू त्या यादीत बसलीस तर दोन्हीकडून जाशील. मी तुझ्या भल्याचं सांगते."

"मॅडम, मला त्या कामाचं सगळं येतं."

"येतं गं. मलाही येत होतं. मला कंपनीत जायचं होतं, इथं शिकवायला नाही. ज्या दारानं आत घेतात त्या दारानं जावं आणि मग आतून बघावं."

"आतून बघितलं का तुम्ही, मॅडम?"

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी समोरची फाईल उघडली, बंद केली. मग म्हणाल्या, "जा. तुझं नाव राहू दे." लाल रेघ पुन्हा मारली गेली नाही.

मुलाखतीला दोघं होते. एक तरुण इंजिनिअर, एक वयानं मोठे, भरती बघणारे. तरुणानं विचारलं, "ऑफिसात एकच प्रिंटर नेटवर्कवर आहे. सगळ्यांची प्रिंट येते, एकाची येत नाही. काय बघाल?" मी आधी त्याच्या मशीनला नेट आहे का ते, मग रांगेत अडकलेली जुनी प्रिंट, मग प्रिंटरचा पत्ता, असं एकेक सांगत गेले. त्यानं अजून चार प्रश्न विचारले आणि मोठ्यांकडं बघून मान हलवली.

मोठे म्हणाले, "शिडीवर चढावं लागतं."

"चढते."

"शिफ्ट असते. सकाळी लवकर निघावं लागतं."

"आमच्याकडं कापूस वेचायला दिवस उगवायच्या आधी निघतात, सर."

"आणि लग्न झाल्यावर?"

"हे मघाशी आत आलेल्या मुलाला विचारलं का?"

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "हुशार आहात तुम्ही. फ्रंट ऑफिसचं लेटर आत्ता देतो, घेऊन जा."

मी "नको" म्हणाले. तरुण इंजिनिअर कागदावर काहीतरी लिहीत राहिला, त्यानं वर बघितलं नाही. आमच्या वर्गातली तीन मुलं त्या दिवशी लागली. त्यातल्या एकाची परीक्षेच्या सरावाची केबल मी करून दिली होती. त्यानं पेढे दिले, मी खाल्ले. त्याचा काही दोष नव्हता.

घरी कळलं तेव्हा माय फोनवर म्हणाली, "आलेली नौकरी सोडली व्हय? लोकाच्या पोरींना भेटत नाय." मामानं सांगितलं की शिकून डोकं फिरतं ते असं. तिसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. "नाय म्हणलीस ते ठीक," ते म्हणाले. "पण रिकामी बसू नको. रोज चार ठिकाणी जाऊन ये."

मी रोज जायची. कॅमेरे बसवणारी दुकानं, कॉम्प्युटर विकणारी दुकानं, नेट पुरवणारे. प्रत्येक ठिकाणी तेच ऐकायची, "काउंटरवर बसाल का? बिलं बनवायला माणूस पाहिजे." पावसाळा गेला, दिवाळी गेली. जालन्याची मैत्रीण एका बँकेच्या कॉल सेंटरला लागली, पुण्याला गेली. मला कधीकधी वाटायचं की मॅडमचं ऐकायला हवं होतं. पण हे मी मावशीलाही सांगितलं नाही.

मग चाचांचा निरोप आला. त्यांच्या ओळखीतला एक जण गारखेड्याच्याच बाजूला नेटवर्किंगचं छोटं दुकान चालवत होता आणि त्याला तातडीनं मुलगी हवी होती. मी गेले. मालक चाळिशीचा, मोबाईलवर बोलत बोलतच माणसं वाचणारा. त्यानं मुलींच्या एका वसतिगृहाचं काम घेतलं होतं, चार मजले, प्रत्येक खोलीत नेट. पण तिथल्या रेक्टर पुरुषांना वर जाऊ देत नव्हत्या. फक्त रविवारी, तेही दोन तास.

"तसं काम तर वर्षभर चालंल," तो म्हणाला. "मला मुलगीच पाहिजे."

म्हणजे वर्षभर मी मुलगी म्हणून नको होते आणि आता मुलगी म्हणूनच हवी होते. मला हे झोंबलं. वाटलं, उठून जावं. पण मग विचार केला, हाच एक जिना आहे आणि त्याच्यावर पुरुषांना बंदी आहे.

"हॉस्टेल झाल्यावर पुढचं काम?" मी विचारलं.

"मग बघू."

"मग बघू नाही. पुढच्या साईटवरपण मी येणार. आणि हॉस्टेलात केबल मीच ओढणार, रॅकसुद्धा मीच लावणार. नुसती देखरेख करायला येत नाही."

त्यानं फोन कानापासून काढला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "पहिलं ते तर कर," म्हणाला.

ड्रिल मशीन आधी कधी चालवली नव्हती. त्यानं दुकानाच्या मागच्या भिंतीवर दोन तास शिकवलं. हॉस्टेलात पहिल्या दिवशी भोक पाडताना सिमेंटचा धुरळा डोळ्यांत गेला, मग चष्मा घेतला. खोलीखोलीतल्या मुली शिडी धरायला यायच्या. एक नर्सिंगची मुलगी होती, तिनं विचारलं, "मला एक भोक पाडू देशील का?" मी दिलं. थोडं तिरकं गेलं, पण ते केबलवरच्या प्लास्टिक पट्टीखाली झाकलं गेलं.

दुसऱ्या मजल्यावर मी चूक केली. केबलवर खोल्यांचे नंबर लावताना यादीतला एक नंबर सुटला आणि पुढच्या सगळ्या खोल्या एकानं सरकल्या. सात नंबरला चालू केलं की आठ नंबरला नेट यायचं. लक्षात आलं तेव्हा सगळ्या केबल ज्यात येतात तो रॅक पूर्ण बांधून झाला होता. मालकाला फोन केला. तो म्हणाला, "कुणाला पाठवू? आत तर घेणार नाय." मी म्हणाले, "पाठवू नका, मीच शोधते." गच्चीवर जाऊन दहा मिनिटं रडले. मग खाली येऊन टेस्टरनं एकेक केबल परत ओळखत गेले. पूर्ण दिवस गेला. रेक्टरबाईंनी संध्याकाळी स्वतः चहा आणून दिला आणि जिन्यावर सांडलेली माती झाडून घ्यायला सांगितली.

हॉस्टेल वेळेत झालं. पुढचं काम होतं एका कारखान्याच्या शेडमध्ये, छताच्या खालून केबल न्यायची. मालकानं दोन मुलांची नावं ठरवली. मी सकाळी दुकानावर जाऊन टेम्पोत बसले.

"तुझं नाव नाय यात," तो म्हणाला.

"ठरलं होतं."

"मी 'बघू' म्हणलो होतो."

"आणि मी 'बघू नाही' म्हणाले होते. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत."

तो एका मुलाला म्हणाला, "तू आज दुकान सांभाळ."

कारखान्यात उंचीवर जायला अंगाला पट्टा बांधावा लागतो. तो पुरुषांच्या मापाचा होता. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यानं तो दोनदा आवळून बघितला आणि नीट मापात बसल्यावरच मला वर सोडलं. वर पोचले. खाली मशीनवरची माणसं मान वर करून बघत होती. मी एका हातानं लोखंडी पट्टी धरली आणि दुसऱ्या हातानं केबल पुढं सरकवली. भीती वाटली हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते कायमचं माझ्या नावावर लागलं असतं. बरोबरच्या मुलालाही वाटली होती. त्यानं ते चहाला सरळ सांगितलं आणि सगळे हसून विसरून गेले.

आता या कामाला तिसरं वर्ष चालू आहे. मोठी कंपनी नाही, मोठं पद नाही. सर्व्हरचं काम शिकतेय, त्याची एक परीक्षा दिली, एक राहिलीय.

मागच्या महिन्यात गावी मला बघायला पाहुणे आले होते. मामानं आणलेलं स्थळ. मुलाच्या काकांनी विचारलं, "काय करता?" मामा माझ्या आधी बोलला, "कंपनीत असते, एसीत, कॉम्प्युटरवर."

"एसीत नाही," मी म्हणाले. "कारखान्यात, हॉटेलात, जिथं काम असेल तिथं. केबल ओढते, शिडीवर चढते, बंद पडलेलं चालू करते."

काका म्हणाले, "लग्नानंतर हे जमणार नाही ना. काहीतरी बसून करायचं बघाल?"

"नाही बघणार."

मुलगा माझ्याकडं बघत होता. चहा संपला, ते गेले. त्यानंतर निरोप आला नाही. माय त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. दादांनी बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवलं. मामा जाताना म्हणाला, "खोटं बोल असं कोण म्हणलं? गप बसायचं होतं."

सकाळी मला गावाहूनच फर्दापूरला जायचं होतं. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी येणाऱ्या लोकांसाठी तिथं हॉटेलं आहेत, त्यातल्या एकाचं नेट सारखं बंद पडत होतं. मी उठले तेव्हा माय चुलीपाशी होती. तिनं फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "शिडी नीट बघून चढत जाय." एवढंच.

बस वेळेत मिळाली. हॉटेलचा मॅनेजर दारातच उभा होता. त्यानं मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहिलं, मागून अजून कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. मी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "राउटर कुठं बसवलाय?"